नमुन्यात नसलेलं गाव

इथे पुस्तकांची परीक्षणं येतात, सिनेमांची येतात, मध्येच एखाद्या वेबसिरीजचंही येतं. मी पीडीएफचं परीक्षण लिहितोय. चार-पाच पीडीएफ आणि त्यांच्याबरोबर आलेल्या प्रेसनोटा. लेखक डझनावारी, भाषा इंग्रजी, कर्ता जवळपास कुठल्याच वाक्यात नाही. नमुने ‘घेतले गेले’, चाचण्या ‘केल्या गेल्या’. तरीही 2020 आणि 2021 या दोन वर्षांत मी सगळ्यात लक्ष देऊन काही वाचलं असेल तर ते हेच. आणि सगळ्यात चुकीचं वाचलं असेल तर तेही हेच.

सेरो सर्व्हे हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या फोनवर आला आणि गेलाही. तर आधी थोडक्यात. आरटीपीसीआर चाचणी नाकातोंडात आत्ता विषाणू आहे का ते सांगते. अँटीबॉडी चाचणी रक्ताला विचारते की हा पाहुणा कधी येऊन गेला का. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर पिंग आणि लॉग यातला फरक. सर्व्हर आत्ता जिवंत आहे का हे पिंग सांगतो. रात्री कोण येऊन गेलं ते लॉगमध्ये सापडतं. गावातल्या मोजक्या लोकांचं रक्त घेऊन त्यांचे लॉग वाचायचे आणि त्यावरून सगळ्या गावात विषाणू किती फिरला याचा अंदाज करायचा, हा सेरो सर्व्हे. चाचणीच न केलेले, लक्षणंच न आलेले, ‘साधा ताप’ म्हणून क्रोसिन घेऊन झोपलेले, असे सगळे त्यात सापडतात. रोजच्या बुलेटिनमध्ये ते नसतात.

मार्च 2020 मध्ये कंपनीने लॅपटॉप घेऊन घरी जायला सांगितलं आणि मी पुण्याहून कुडव्याला आलो. गोंदिया कुठे संपतं आणि कुडवा कुठे सुरू होतं हे ऑटोवाल्यालाच विचारावं. 2011 च्या जनगणनेत आमची नोंद शहर अशी आहे, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. हे वाक्य पुढे लागणार आहे. गच्चीवरच्या खोलीत नेटवर्क यायचं, तिथे बसून मी दिवसा कोड लिहायचो आणि रात्री हे अहवाल वाचायचो. घरात इंजिनिअर मीच, त्यामुळे विषाणूबद्दल शेवटचा शब्दही माझाच. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जीवशास्त्राचा एकही पेपर नसतो हे घरच्यांना मी कधी सांगितलं नाही.

पहिला महत्त्वाचा मजकूर आयसीएमआरचा. 11 मे ते 4 जून 2020 या काळात देशातल्या 21 राज्यांतल्या 70 जिल्ह्यांत पथकं फिरली, 28 हजार प्रौढांचं रक्त गोळा झालं. प्रत्येक जिल्ह्यात दहा गावं किंवा वॉर्ड, प्रत्येक ठिकाणी चाळीस माणसं. निष्कर्ष असा की 0.73 टक्के प्रौढांना मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत लागण होऊन गेली होती. ऐकायला नगण्य. पण भारताच्या लोकसंख्येत त्याचा हिशेब होतो सुमारे 64 लाख माणसं. म्हणजे चाचणीत सापडलेल्या एका रुग्णामागे न सापडलेले 80 ते 130. त्या काळात टीव्हीवर एकेका रुग्णाचा ‘प्रवास इतिहास’ सांगत होते, कुठल्या बसने आला, कुठल्या सीटवर बसला. या एका आकड्याने तो सगळा खेळ बाद ठरवला. मजकूर म्हणून मला हा अहवाल आजही आवडतो. त्याने आवाज चढवला नाही, आणि जे सांगितलं ते भयंकर होतं.

त्यात मला सगळ्यात आवडलेली जागा मात्र पद्धतीच्या परिच्छेदात आहे. पॉझिटिव्ह आलेला नमुना त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या चाचणीने पुन्हा तपासला. का, ते समजून घ्यायला साधं गणित करू. हे माझे काल्पनिक आकडे आहेत. समजा एक चाचणी लागण झालेल्या 100 जणांतले 90 पकडते, आणि लागण न झालेल्या 100 जणांतल्या दोघांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते. चांगली चाचणी आहे. आता हजार वस्तीच्या गावात फक्त 1 टक्का लोकांना लागण झालीय. त्या दहांतले नऊ सापडले. उरलेल्या 990 मध्ये दोन टक्क्यांनी जवळपास वीस जण चुकून पॉझिटिव्ह. एकूण 29, त्यातले 20 खोटे! तीच चाचणी अशा गावात न्या जिथे निम्म्यांना लागण झालीय. 450 खरे, 10 खोटे. चाचणी तीच, किट तेच, हात तेच. पण पहिल्या गावात ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा भरवसा नाही आणि दुसऱ्या गावात आहे. शब्दाचा अर्थ गावावर ठरतो, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना नवीन नसेल. मला ते तीन रात्री समजत नव्हतं. समजल्यावर मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, आणि मग मला वाटायला लागलं की आता आपल्याला सगळंच समजतं.

याच चाचणीचं नाव पाहा. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने, ही देशी एलायझा चाचणी मे 2020 मध्ये आणली आणि तिचं नाव ठेवलं ‘कोविड कवच’. इतक्या घाईत, इतक्या अडचणींत अशी चाचणी उभी केली त्या लोकांबद्दल मला आदर आहे. पण नावाबद्दल तक्रार आहे. कवच अंगावर घालतात. ही चाचणी तर अंगावर पूर्वी वार झाला होता का एवढंच सांगणारी. वार झाल्याच्या खुणेला कवच म्हटलं की वाचणारा काय समजणार? पॉझिटिव्ह म्हणजे सुरक्षित. मी तसंच समजलो. माझ्यासारखे लाखो समजले असतील.

आता गावाचा प्रश्न. त्या 70 जिल्ह्यांत महाराष्ट्रातले सहा होते: बीड, परभणी, नांदेड, जळगाव, अहमदनगर, सांगली. पुढच्या तिन्ही फेऱ्यांतही तेच. यादी पुन्हा वाचा. विदर्भातला एकही नाही. गोंदिया सोडा, नागपूरही नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला नेहमीचा वैदर्भीय राग आला. मग इंजिनिअर जागा झाला. नमुन्यात आपलं गाव नाही म्हणून नमुना चुकीचा ठरत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, आणि भाताबद्दल गोंदियाच्या माणसाला कोणी शिकवू नये. पण माझे काका राइस मिलवर मुनीम होते, आणि शितावरून परीक्षा कशी करतात ते मी लहानपणी तिथे पाहिलंय. धानाचं पोतं आलं की काका टोकदार लोखंडी नळी पोत्याच्या पोटात खुपसायचे, वरून कधीच घ्यायचे नाहीत. वरचे दाणे दाखवायचे असतात, असं म्हणायचे. एका पोत्यावरून गाडीभर मालाचा भावही ठरवायचे नाहीत. चार कोपऱ्यांतली चार पोती उघडायची. शितावरून भात कळतो, पण भात एका भांड्यातला असेल, खाली एकच चूल असेल आणि मध्ये ढवळला असेल तर. 2020 च्या उन्हाळ्यातला भारत तसा नव्हता. मुंबईत उकळी फुटली होती आणि आमच्याकडे पाणी कोमट होतं. ‘देशाचं प्रमाण’ हा आकडा तेव्हा खराही होता आणि कुठल्याच एका गावाला लागूही नव्हता. अहवालाने हे लपवलं नव्हतं. त्यांनी जिल्ह्यांचे गटच मुळी रुग्णसंख्येप्रमाणे पाडले होते. लपवलं ते मथळ्यांनी.

मुंबईचा सर्व्हे हा या सगळ्या मजकुरांतला सगळ्यात नाट्यमय. जुलै 2020. नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून केलेला. तीन वॉर्ड: आर उत्तर, एम पश्चिम, एफ उत्तर, म्हणजे दहिसर, चेंबूर, माटुंगा या बाजूचे. 8,870 नमुने घ्यायचे ठरले होते, 6,936 मिळाले. झोपडपट्टीत 57 टक्के लोकांत अँटीबॉडी, बिगर झोपडपट्टीत 16 टक्के. एकाच वॉर्डात, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना. घरी बसा, अंतर ठेवा, हात धुवा या तीन आज्ञा कोणासाठी लिहिल्या होत्या ते या दोन आकड्यांनी सांगून टाकलं. या विषयावर पुढे आलेल्या कित्येक लेखांपेक्षा ही प्रेसनोट जास्त राजकीय होती, तिच्या लेखकांना तसं अभिप्रेत असो वा नसो.

पण ‘बिगर झोपडपट्टी’ हा शब्द अडतो. चाळ, म्हाडाची जुनी इमारत, तीस मजली टॉवर, या सगळ्यांना एकाच शब्दात कोंबणारा आणि तोही नकारार्थी. जे झोपडपट्टी नाही ते. दोनच पात्रं घेऊन नाटक लिहिलं की संघर्ष ठळक होतो, मधली माणसं मात्र गायब होतात. आणि जे दोन हजारांच्या आसपास नमुने मिळालेच नाहीत, ते कुणाचे? दार न उघडणारे आणि दार उघडणारे सारखे असतात असं धरून चाललं तरच आकडा जसाच्या तसा टिकतो. अशा वेळी मला न मिळालेल्या नमुन्यांबद्दलच जास्त वाचायचं असतं. तो परिच्छेद नेहमी सगळ्यात छोटा असतो.

ऑगस्टमध्ये त्याच तीन वॉर्डांत दुसरी फेरी झाली. झोपडपट्टीत 45 टक्के, बिगर झोपडपट्टीत 18. थांबा. 57 चे 45? एकदा लागण होऊन गेलेला माणूस ‘न झालेला’ कसा होतो? इथे लॉगची उपमा पुन्हा कामाला येते. सर्व्हरवरचे जुने लॉग ठरावीक काळाने पुसले जातात, नाहीतर डिस्क भरेल. शरीरही अँटीबॉडी कायम त्याच पातळीवर ठेवत नाही. कुठल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधताय यावरही ठरतं. विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाविरुद्धच्या काही चाचण्यांत लवकर दिसेनाशा होतात. शिवाय दुसऱ्या फेरीत तीच माणसं नव्हती. कारणं एकाहून जास्त. पण पहिल्या फेरीचे 57 टक्के जेवढे गाजले त्याच्या निम्मेही हे 45 गाजले नाहीत. चढणारा आकडा म्हणजे गोष्ट. उतरणारा म्हणजे तळटीप.

मग आलं पुणं, आणि इथे मी स्वतः अडकलो.

20 जुलै ते 5 ऑगस्ट 2020 या काळात आयसर, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि महापालिका यांनी फरिदाबादच्या टीएचएसटीआय आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या साथीने 1,664 जणांचे नमुने घेतले. 51.5 टक्के पॉझिटिव्ह. दुसऱ्या दिवशी सगळीकडे मथळा: निम्म्या पुणेकरांना कोरोना होऊन गेला. अहवाल काय म्हणत होता? पाच प्रभाग घेतले होते, आणि ते घेतलेच होते रुग्ण जास्त आहेत म्हणून. येरवडा, कसबा–सोमवार पेठ, रास्ता–रविवार पेठ, लोहियानगर–कासेवाडी, नवी पेठ–पर्वती. त्यांच्यातही लोहियानगर–कासेवाडीत 65.4 आणि कसब्यात 36.1. म्हणजे जिथे आग लागलीय तिथेच थर्मामीटर लावला आणि मथळ्याने तो आकडा शहराचं तापमान म्हणून छापला. कोथरूड, औंध, बाणेर, जिथे माझ्यासारखे लॅपटॉपवाले राहतात, ते त्यात नव्हतेच.

त्या अहवालातलं खरं सोनं दुसऱ्याच पानावर होतं. सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्यांत 62.3 टक्के, स्वतःचं शौचालय असणाऱ्यांत 45.3. बंगल्यांत राहणाऱ्यांत साधारण 44, फ्लॅटमधल्यांत 33. फ्लॅटपेक्षा बंगला वाईट, हे कुणाच्या मनात तरी आलं असतं का? पेठांतले बंगले म्हणजे काय, जुने वाडे की काय, त्यात किती कुटुंबं, असे शंभर प्रश्न तिथून निघतात. मी वाचलेल्या एकाही बातमीत ते विचारलेले नव्हते. मीही विचारले नाहीत. मी मथळा उचलला.

आमच्या ‘परिवार’ नावाच्या ग्रुपवर तो मेसेज अजून आहे. ऑगस्ट 2020. मी लिहिलंय की पुण्यात निम्म्यांना होऊन गेला, बहुतेकांना कळलंसुद्धा नाही, आपल्याकडेही आतून पसरला असेल, घाबरायचं कारण नाही. खाली तीन अंगठे आणि काकांचं उत्तर: “म्हणजे आपल्याला होऊन गेला असन.” मी त्यावर हसण्याचा इमोजी टाकलाय. नाही म्हटलं नाही. काका तो स्क्रीनशॉट मिलवर दाखवायचे, आमचा पोरगा पुण्यात इंजिनिअर आहे म्हणून.

सप्टेंबरात आमच्या दारात सर्व्हे आला, पण तो वेगळा. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’. आशाताई थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी फिरल्या, वहीत नावं लिहिली, बीपी-शुगर विचारलं. कुठलं घर सोडायचं नाही, म्हणजे नमुन्याचा प्रश्नच नाही. पण थर्मामीटर फक्त आत्ताचं सांगतो. काकांचं बोट ऑक्सिमीटरमध्ये 98 दाखवत होतं. काका म्हणाले, पाहा, पक्कं झालं.

4 फेब्रुवारी 2021 ला आयसीएमआरच्या तिसऱ्या फेरीचे आकडे जाहीर झाले. डिसेंबर-जानेवारीत घेतलेले नमुने, प्रौढांत 21.4 टक्के. दहापैकी दोन. म्हणजे दहापैकी आठ अजून बाकी. सांगणाऱ्यांनी ते स्पष्ट सांगितलं होतं, मोठी लोकसंख्या अजून धोक्यात आहे. मी तो आकडा त्याच दिवशी वाचला. चुलतबहिणीचं लग्न तोंडावर होतं, पत्रिका वाटून झाल्या होत्या, केटररला पैसे गेले होते. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. ऑगस्टचा आकडा मी न विचारता टाकला होता, फेब्रुवारीचा आकडा मी न विचारल्यामुळे टाकला नाही.

लग्नातून कुणाला काही झालं नाही, हेही सांगायला पाहिजे. फेब्रुवारीतच अमरावतीत रुग्ण वाढले, तिथे पुन्हा लॉकडाउन लागला, तरी आम्हाला ते लांबचं वाटलं. 1 एप्रिलपासून 45 वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली. काका 57 चे. आईने दोनदा आठवण केली. काका म्हणाले, “ज्याला होऊन गेला त्याला कायले घाई? आधी बाकीच्यांना घेऊ द्या.” ते खरंच तसं मानत होते, म्हणजे स्वतःची जागा दुसऱ्याला देत होते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांना ताप आला. बेड मिळायला दोन दिवस गेले, आणि मिळाल्यावर सहा. माझ्या मेसेजने त्यांना ताप आला असं मी म्हणत नाही. तसा दावा करायला माझ्याकडे तुलनेसाठी दुसरे काका नाहीत. पण तो मेसेज मी डिलीट करत नाही.

यानंतर मी हे सगळे अहवाल पुन्हा वाचले, आणि या वेळी मागे गेलो. रक्ताला असे प्रश्न विचारणं आपल्याकडे कोविडने सुरू झालं नाही. पुण्यात 1952 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं, त्याचीच पुढे एनआयव्ही झाली. सुरुवातीलाच तिथल्या लोकांनी देशातल्या वेगवेगळ्या भागांतून रक्तनमुने जमवले आणि कुठल्या विषाणूंच्या खुणा सापडतात ते पाहिलं. स्मिथबर्न, केर आणि गटणे यांचा तो निबंध 1954 मध्ये छापून आला. चाचणी उंदरांवर. रक्तद्रव आणि विषाणू मिसळून उंदराला टोचायचं, उंदीर वाचला तर रक्तात अँटीबॉडी होत्या. त्यात चक्क झिका विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडीही निघाल्या, भारतात झिकाचे रुग्ण सापडण्याच्या कितीतरी दशकं आधी! मग पुढे वाद: त्या खरोखर झिकाच्याच, की डेंगीसारख्या त्याच्या भावकीतल्या विषाणूच्या? भावकीत चेहरे मिळतेजुळते असतात, चाचणी फसते. सत्तर वर्षांपूर्वीचा निबंध वाचताना मला वाटलं की ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावरचं हे सगळं भांडण आपल्याकडे तेव्हाच सुरू झालं होतं, आपण फक्त विसरलो.

आणि विदर्भातलं गाव विषाणूशास्त्रात नाहीच असंही नाही. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला, त्याचं नाव चांदीपुरा. आमच्या वाट्याला नमुन्यात जागा आली नाही, त्यांच्या वाट्याला नावच आलं. यातलं काय बरं ते ठरवणं अवघड आहे.

मुंबईचा मार्च 2021 चा सर्व्हे मात्र मला पटवून घ्यायला वेळ लागला. 24 वॉर्डांतले 10,197 नमुने, 36.3 टक्के पॉझिटिव्ह. हे नमुने घरोघरी जाऊन घेतलेले नव्हते. पालिकेच्या दवाखान्यांत आणि खासगी लॅबमध्ये लोकांनी दुसऱ्याच तपासणीसाठी दिलेलं रक्त, नाव काढून टाकून तपासलं. एचआयव्हीच्या देखरेखीत गर्भवतींच्या रक्ताबाबत ही पद्धत पूर्वी वापरली गेलीय, तिचे नियम आहेत, ती चोरी नव्हे. फायदा उघड आहे, दार उघडण्याचा प्रश्नच मिटतो. पण जो लॅबमध्ये जातो तो कोण असतो? ज्याला काहीतरी होतंय आणि ज्याला त्याची दखल घेणं परवडतं तो. शिवाय ज्याचं रक्त त्याला कळतच नाही की आपण एका आकड्यात आहोत. साधारण थायरॉइड तपासायला गेलेली बाई शहराच्या इतिहासात जाऊन आली, आणि घरी येऊन तिने भाजी चिरली.

शेवटचा मजकूर चौथ्या फेरीचा. जून-जुलै 2021, देशात 67.6 टक्के. दुसरी लाट येऊन गेली होती आणि लसीकरणही सुरू झालं होतं, त्यामुळे अँटीबॉडी आजाराची की लसीची हा नवा पेच. या वेळी राज्यवार आकडे जाहीर झाले: मध्य प्रदेश 79 टक्के, छत्तीसगड 74.6, महाराष्ट्र 58, केरळ 44.4. लगेच राज्याराज्यांची शर्यत लागली, कोण पुढे, कोण मागे, आणि पुढे असणं चांगलं की वाईट यावरही एकमत नाही.

आता कुडव्यातून हे आकडे बघा. आमच्या उत्तरेला बालाघाटचा रस्ता, बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेश. पूर्वेला तासा-दोन तासांत छत्तीसगड. मिलचे मजूर, लग्नाची वऱ्हाडं, भाजीच्या गाड्या, सगळं या तीन राज्यांत फिरतं. विषाणूला कुणी सीमेवर पावती फाडायला लावली नव्हती. तरी अहवालाप्रमाणे पुलाच्या या बाजूला 58 आणि त्या बाजूला 79. ते 79 आले कुठून? देवास, उज्जैन आणि ग्वाल्हेर या तीन जिल्ह्यांतून. आमचे 58 आले सांगली-बीडकडून. पुलाच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या माणसांपैकी कुणाचंच रक्त त्यात नव्हतं. हा सर्व्हे देशाचा अंदाज देण्यासाठी रचलेला होता, राज्यांनी आपापले सर्व्हे करावेत असं तेव्हा सांगितलंही गेलं. मग राज्यवार तक्ता छापला कशाला? कादंबरीकार प्रस्तावनेत म्हणाला की ही पात्रं काल्पनिक आहेत आणि परिशिष्टात त्यांचे पत्ते दिले, तसं झालं हे.

माझी मागणी साधी आहे. दर आकड्याशेजारी, त्याच आकाराच्या टाइपात, तो कुठे लागू नाही ते छापा. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही लिहितो की हे या-या व्हर्जनवर चालत नाही, आणि कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. अहवालांत हे असतं, ‘मर्यादा’ या शीर्षकाखाली, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, जिथे मोबाइलवर वाचणारा पोचत नाही. मी पोचलो नव्हतो.

मागच्या हिवाळ्यात सुट्टीला घरी होतो. रात्री साडेनऊला दार वाजलं. हत्तीरोगाचा सर्व्हे. आमच्या भागात हा लहानपणापासून पाहिलाय. त्याचे सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तात वर येतात, म्हणून रक्त घ्यायला माणसं रात्रीच येतात. लहानपणी आम्ही पलंगाखाली लपायचो. या वेळी आलेली बाई माझ्याच वयाची होती, गळ्यात टॉर्च, पिशवीत काचेच्या पट्ट्या. आईने बोट पुढे केलं. मी विचारलं, “ताई, घरं कशी निवडता?”

“यादी असते. गल्लीच्या टोकापासून सुरू करतो.”

“आणि कुणी नाही म्हटलं तर?”

“शेजारचं घर घेतो.” तिने पट्टीवर रक्ताचा थेंब पसरवला, नंबर लिहिला. “नाही म्हणणारे कमी असतात. कुत्री जास्त. मोकळं कुत्रं असलं की ते घर सोडतो, रात्रीचं कोण चावून घेईल.”

आईने विचारलं, रिपोर्ट कधी.

“काही निघालं तर येऊ,” ती म्हणाली आणि पुढच्या घराकडे गेली. तिथे कुत्रं होतं.